एकास बाराच्या मापाची बंडी

पिपरी मेघ्यातल्या आमच्या घरात खोल्या तीनच. मॉडेल बनवायला मला स्वतःची एक खोली पाहिजे होती, म्हणून मी बाबांची घेतली. त्यांची खाट व्हरांड्यात टाकली अन् म्हटलं, "इथं हवा येते बाबा, रस्ता दिसते." लकव्यानं उजवा हात गेलेला माणूस नाही कसं म्हणणार! "मले आत बसू देत जाजो," ते म्हणाले, "बस, तेवढंच." मी हो म्हटलं.

बाबा सुतार. उभा जन्म त्यांनी बंड्या बनवल्या, म्हणजे आमच्याकडच्या बैलगाड्या. मी ऑफिसातला बाबू. रिटायर झाल्यावर त्याच बंड्या एकास बाराच्या मापात, म्हणजे फुटाचा इंच करून, बनवायला बसलो. मोठं टेबल, लाकूड आवळून धरायचा शिकंजा, छोटा ग्राइंडर, वाकवता येणारा दिवा. खोली अशी मस्त जमली की माझा मीच खूश.

पहिल्या चाकाचे आरे, म्हणजे मधल्या दांड्या, ठोकल्या तेव्हा बाबा बाजूला स्टुलावर होते. "आरे सरळ काऊन ठोकले? चाक थाळीवानी थोडं खोलगट पायजे. नाई त भरली बंडी वळताना चाक मोडते." आणि दाखवायला म्हणून त्यांनी डावा हात घातला. हात थरथरला, एक आरा कटकन तुटला. माझं डोकंच सटकलं. "इथं कोणाले कापूस वाहाचा हाय? चहाचा कप धरता येत नाई, अन् मले शिकवून राह्यले! जा, बाहेर बसा."

त्या दिवसापासून खोलीला कुलूप. बाबांचं बरोबर होतं हे मला तिथल्या तिथं कळलं होतं, आग लागो माझ्या अकडीला! दुसऱ्या दिवशी मी आरे तिरपे बसवले. पाहुणे चाकाची तारीफ करत तेव्हा मी म्हणायचो, "आपलं आपणच शिकलो." बाबा दाराबाहेर खाटेवर ऐकत असायचे.

दसऱ्याला आमच्या घरी हत्यारं पुजतात. बाबांनी सकाळीच आंघोळ करून टोपी घातली. "माही पटाशी आण," ते म्हणाले. पटाशी म्हणजे लाकडात खाच पाडायची रुंद छिन्नी, त्यांच्या वडिलांनी त्यांना दिलेली. ती मी उन्हाळ्यातच उभी चिरून तीन बारीक छिन्न्या केल्या होत्या. विचारलं नव्हतं. हात तर गेला, आता त्यांना ती कशाला, असा माझा हिशोब.

मी तिन्ही छिन्न्या ताटात घालून पुढं केल्या. बाबांनी एकेक उचलून पाहिली, अंगठ्यानं घासली. लोखंड ओळखलं त्यांनी.

"धार टिकते?"

"टिकते."

त्यांनी तिन्हींना डाव्या हातानं कुंकू लावलं. मग माझ्याकडं न पाहता म्हणाले, "मले बी घे असाच कापून. मंग त मावीन ना तुह्या खोलीत?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तरी तोंडातून निघालं ते हेच, "सणासुदीचं काहीतरीच बोलता बाबा." ताट उचलून आत ठेवलं, आणि सवयीनं कुलूप लावलं.