रिटाबायची विहीर

भुईगावात आमच्या आळीला पहाटे कोंबड्याआधी ऑगस्टीनकाकांचा रहाट उठवायचा. कुईं-कुईं असा रडका आवाज. "वंगण घाला हो," असं सगळे टोकायचे. काका म्हणायचे, "मंग बैलाला झोप लागंल." आता नळ सोडला की पाणी येतं, पण त्याला आवाज कसला तो नाही. म्हातारपणी कुरकुर करायची नाही असं मी ठरवलंय, पण जमत नाही.

काकांची बायको रिटाबाय. अंगानं दणकट, तोंडानं फटकळ. केळीचा घड एकटी डोक्यावर घ्यायची. लग्नानंतर नऊ वर्षांनी, सेहेचाळीस साली, तिला मार्सेल झाला. तीन वर्षांचं ते पोर एका दुपारी विहिरीत पडलं. रिटाबाय दहा पावलांवर अबोली खुडत होती, तिला काही म्हणता काही ऐकू आलं नाही. मातीच्या दिवशी ती एकच वाक्य बोलत राहिली, "हाक तरी मारायची रे पोरा."

आठवड्याभरात तिनं काकांना रहाटाचे लोटे उतरवायला लावले आणि विहिरीवर फणसाच्या जाड फळ्या ठोकून घेतल्या. काका शेजारच्या रामचंद्रभाऊंच्या विहिरीवरून कावडीनं पाणी आणत. त्यानं कुठली वाडी भिजायला? केळी डोळ्यांदेखत वाळल्या. बायका समजूत घालायला यायच्या, "देवाची मर्जी, बाय." दुसऱ्याच्या दुःखावर हे वाक्य किती स्वस्तात मिळतं! रिटाबाय म्हणायची, "मंग देवालाच सांग वाडी शिंपायला." देवळात ती यायची, पण शेवटच्या बाकावर बसायची. माळ हातात असायची, ओठ हलायचे नाहीत.

आमच्या देवळाची एक रीत होती. ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, फादर बाप्तिस्म्याच्या पाण्यावर आशीर्वाद मागायचे, आणि मग वर्षभर गावातल्या प्रत्येक नव्या लेकराच्या डोक्यावर तेच पाणी पडायचं. ते आणायची पाळी दर वर्षी एकेका आळीची. पन्नास साली ती आमच्यावर आली. उन्हाळा लागला की समुद्राकडेच्या विहिरी मचूळ होतात. त्या वर्षी रामचंद्रभाऊंचीही झाली. ऐन उन्हाळ्यात गोड राहायची ती एकच, फळ्यांखालची.

माझी आई, रोझमेरी, तेव्हा पोटुशी होती. तिच्या बाळाचा बाप्तिस्मा याच पाण्यानं व्हायचा, म्हणून विचारायला तीच गेली. मी नऊ वर्षांची, तिच्या लुगड्याला धरून.

रिटाबाय म्हणाली, "ज्या पान्यानं माझं पोर नेलं, त्या पान्यानं तुझ्या पोराला नाव द्यायचं? जा गो बाय, घरी जा."

मला असा राग आला! आई मात्र माझा हात धरून गुमान घरी आली. फादरांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "मचूळ तर मचूळ. तिला कोणी छळू नका."

गुड फ्रायडेला प्रवचनात फादरांनी शिपायाच्या भाल्याची गोष्ट सांगितली. येशूच्या कुशीतून रक्त आणि पाणी वाहिलं, आणि त्याची आई क्रुसाखाली उभी राहून बघत होती. नंतर आम्ही सगळ्या दुःखी मातेच्या पुतळ्याच्या पाया पडायला रांगेत लागलो. रिटाबायची पाळी आली आणि ती हलेचना. रांग खोळंबली, कुणीतरी मुद्दाम खोकलं. ती त्या चेहऱ्याकडे बघतच राहिली.

घरी आली ती पदर खोचूनच. काकांना म्हणाली, "फळ्या काढा."

"आज? गुड फ्रायडेला कोन काम करतं?"

"आजच काढा. तिच्या पोराच्या कुशीतनं पानी आलं, ते तिनं कोंडून ठेवलं नाय. मी कोन मोठी लागून गेले?"

त्या दिवशी देवळाची घंटासुद्धा मुकी असते, आणि अशा शांततेत सहा महिन्यांनी आमच्या आळीत रहाट कुईं-कुईं करायला लागला. चारी घरची माणसं भांडायला धावली. येऊन बघतात तर काका लोटे पुन्हा चढवून बैल हाकताहेत, आणि रिटाबाय कुजका पाला, बेडकं, गढूळ पाणी, सगळं हातानं बाजूला सारतेय, घळाघळा रडतेय. भांडायला आलेल्यांनीच घरून बादल्या आणल्या. अंधार पडेपर्यंत उपसा चालला. सकाळी पाणी नितळ झालं होतं. पहिला हंडा तिनं स्वतः देवळात नेला.

मे महिन्यात माझा भाऊ फ्रेडरिक जन्मला. आठव्या दिवशी फादरांनी त्याच्या डोक्यावर ते पाणी ओतलं आणि त्यानं असा टाहो फोडला की बस्स. आम्ही सगळ्या "गप, गप" करायला लागलो. तेवढ्यात रिटाबाय शेवटच्या बाकावरून उठून पुढे आली.

"त्याला गप करू नका गो," ती म्हणाली, आणि बाळाच्या ओल्या डोक्यावर हात ठेवून खाली वाकली. "रड, बाबा. मोठ्यानं रड. मी ऐकतेय."