लेकीच्या पैशांवर भावोजींचा डोळा

माझ्या नणंदेचा नवरा बँकेत आहे, म्हणजे काचेच्या केबिनमध्ये बसून विम्याच्या पॉलिसी विकतो. परक्यांकडून टार्गेट पुरं होत नाही, म्हणून मार्च जवळ आला की त्याला नातेवाइकांचा उमाळा येतो. मागच्या वर्षी त्याने सत्तरीच्या सासूबाईंची एफडी मोडायला लावली आणि दहा वर्षं हप्ते भरायची पॉलिसी त्यांच्या गळ्यात मारली.

आज तो नणंदेला घेऊन, माझ्या मुलीच्या कॉलेजसाठी ठेवलेल्या पैशांवर डोळा ठेवून आला. सोफ्यावर ऐसपैस बसत म्हणाला, "वहिनी, एफडी म्हणजे पैसे कुजवणं. तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला काय सांगायचं! इथे सही करा, बाकीचं मी भरतो."

मुलीची फी जूनमध्ये भरायची आहे. पॉलिसीतून पाच वर्षं पैसे काढता येत नाहीत, हे मला फॉर्मच्या मागच्या बारीक अक्षरांत सापडलं. त्याच्या तोंडून त्यातलं अक्षर निघालं नव्हतं.

मी विचारलं, "भावोजी, तुमच्या लेकीच्या शिक्षणाचे पैसे कशात आहेत?"

तो घसा खाकरत होता, तोवर नणंदच कौतुकाने म्हणाली, "ते ना, एफडीत! लेकीच्या पैशांशी खेळ नको, म्हणतात हे."

मी फॉर्म सही न करता त्याच्या हातात दिला.

"नुकसान तुमचंच आहे, मला काय!" असं म्हणून तो बिस्किटांची बशी रिकामी करूनच उठला. लाज नावालाही नाही. जिना उतरताना मात्र बायकोवर खेकसला, "तुला मध्ये बोलायला कुणी सांगितलं होतं?"