कुत्र्यांच्या वाट्याची भाकरी

आमच्या छगननानाने आयुष्यात दोनच गोष्टी जिवापाड सांभाळल्या: मिशा आणि आजा. मिशा स्वतःच्या होत्या. आज्याला त्याने पाहिलंही नव्हतं. पण रायाजीआजाने इंग्रज साहेबाला घोड्यावरून खाली ओढलं आणि त्यापायी सहा महिने तुरुंगात काढले, ही गोष्ट तो देवळाच्या पारावर इतकी रंगवायचा की घोड्याचा रंग दर वेळी बदलायचा. तिच्या जोरावर त्याने कधी कुणापुढे मान तुकवली नाही आणि फारसं कामही केलं नाही. मी त्याचा सख्खा पुतण्या, तेव्हा हे बोलायचा मला हक्क आहे.

बाहत्तरच्या दुष्काळात आमच्या नगरकडच्या कर्जत तालुक्यात पाखराच्या चोचीपुरतंही पाणी राहिलं नाही. गावाबाहेर पाझर तलावाचं काम निघालं. मी तिथे हजेरी मांडायचो. रेशनवर अमेरिकेतून आलेली मिलो नावाची लाल ज्वारी मिळायची. तिकडे ती जनावरांना घालतात अशी बोलवा होती. गाव नाकं मुरडत का होईना, खात होतं. नाना मात्र तिला उंबरा ओलांडू देईना.

"साहेबाला लोळवनाऱ्याच्या नातवानं साहेबाच्या जनावराचं खायाचं?"

घरातली बाजरी तळाला गेली होती. त्याची बायको लंकानानी दिवसभर तलावावर माती वाहायची आणि अर्ध्या भाकरीवर निजायची. तिच्या गळ्याची हाडं मोजता यायला लागली होती. मला नानाचा संताप यायचा, पण चुलत्यापुढे बोलणार कोण?

त्यातच सरपंच काकासाहेबांनी काढलं, की तलावाला गावातल्याच जुन्या माणसाचं नाव द्यावं. नाना आज्याचं नाव घेऊन छाती काढून उभा राहिला.

"देऊ की नाना," काकासाहेब म्हणाले. "पर घोड्याची गोष्ट लई ऐकली. आता कागद दावा."

कागद मिळाला तर नाशिकलाच मिळणार होता. गोदावरीवर विधीला कोणी गेलं, की तिथले उपाध्ये आपल्या बाडात गाव, कूळ, कोण कशासाठी आलं ते लिहून ठेवतात, आणि आजा एकदा तिथे जाऊन आला होता एवढं घरात ठाऊक होतं. नानाने धोतर धुतलं, मला कामावर खाडा करायला लावला आणि आम्ही एसटी धरली.

आमच्या गावाचे उपाध्ये म्हणजे चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेले म्हातारबुवा. गाव आणि आडनाव विचारून त्यांनी लांबलचक बाड उलगडलं. सगळं मोडीत, आम्हा दोघांना ओ की ठो कळेना. त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं.

"रायाजी. मोठ्या दुष्काळानंतर आलेले. नगर कॅम्पात साहेबाच्या कुत्र्यांकडे चाकरी."

"घोड्यांकडं," नाना म्हणाला.

"कुत्र्यांकडे. वीस कुत्री." म्हातारबुवा वाचत राहिले. "दुष्काळात कुत्र्यांच्या वाट्याच्या भाकरी चोरून गावी नेल्या. सहा महिने कैद. सुटून आल्यावर, कुत्र्यांचं अन्न घालून गाव बाटवला म्हणून गावकीने वाळीत टाकलं. गावकीच्याच हुकुमाने इथे प्रायश्चित्त."

"भाकरी खाल्ल्या कुणी?" मी विचारलं.

"समस्त गाव, असं लिहिलंय."

"आन् प्रायश्चित्त?"

"एकट्या रायाजीने."

वीस कुत्री ऐकून मला हसू फुटलं होतं, खोटं कशाला सांगू. आता ते मावळलं. परतीच्या वाटेवर नानाने मिशांना एकदाही हात लावला नाही. नगर सुटल्यावर म्हणाला, "कागद घावला न्हाई म्हनायचं. कळलं?"

मी मान हलवली.

दुपारी आम्ही तलावाशीच उतरलो. जेवणाची सुट्टी झाली होती. नानी बायांकडे पाठ करून बसली होती. तिच्या हातात शेजारणीने दिलेली लाल भाकरी होती. नानाला पाहताच तिने ती पदराखाली सारली. घास मात्र गालातच राहिला. चावायचीही तिला चोरी झाली.

"काय नाना, घावला का घोडा?" काकासाहेबांनी लांबूनच विचारलं. लोक खिदळले.

नाना नानीच्या फुगलेल्या गालाकडे बघत होता.

"घोडा न्हवता," तो म्हणाला. "कुत्री हुती. माझा आजा साहेबाची कुत्री राखायचा."

मग काय, नुसता हशा. बाया पदर तोंडात कोंबून हसल्या. नानाने सगळ्यांना हसू दिलं.

"त्या कुत्र्यांच्या भाकरी चोरून त्यानं ह्या गावाला घातल्या. तुरुंगात गेला. तुमच्या आज्यांनी खाल्ल्या, तोंडं पुसली आन् त्यालाच वाळीत टाकलं. बाडात लिवलंय. जावा, वाचून या."

हसणं थांबलं. काकासाहेबांनी टोपी काढून पुन्हा घातली. "मग दगडावर काय लिवायचं, नाना?"

"हाय तेच. रायाजी कुत्रेवाला."

तो नानीशेजारी मातीत बसला. "गीळ की आता," म्हणाला, आणि पदराखालची भाकरी ओढून त्याने मोठा तुकडा मोडला. बराच वेळ चावत राहिला.

"कशी लागती?" नानीने भीत भीत विचारलं.

"लई वाईट," नाना म्हणाला. "दुसरी हाय का?"