काकांचा ट्रोकार

जनावर समोर आलं की काका आधी त्याच्या डाव्या कुशीवर तळहात ठेवायचे आणि कलिंगड पारखावं तशी टिचकी मारून ऐकायचे. मालक रडकुंडीला आलेला असला तरी म्हणायचे, "ठैरा जरा. पहिले पोटाला बोलू द्या."

गुरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले हे कंपाउंडर अंबरपेठेत आमच्या समोर राहायचे. गल्लीत मराठी घरं दोनच, त्यांचं आणि आमचं. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. नोकरी सुटते, हातातलं काम सुटत नाही.

त्यांच्याकडे एक जुना ट्रोकार होता. लाकडी मुठीचा, तीन धारांच्या टोकाचा दाभण आणि त्यावर पितळी नळी. फुगलेल्या पोटात दोन्ही खुपसायची, दाभण काढून घ्यायचा, की नळीतून कोंडलेला वायू निघून जातो.

"हे अवजार पहिले माणसांचं," ते अभिमानानं सांगत. "जलोदराचं पाणी काढायचे याने. जनावरांकडे मागाहून आलं. माझ्या उस्तादांना निजामाच्या जमान्यात मिळालं, त्यांनी मला दिलं."

एका सकाळी दूधवाल्या बाईची म्हैस गल्लीतच फुगून कोसळली. काकांनी ट्रोकार खुपसला. मी गॅलरीतून वीस सेकंदांचा व्हिडिओ घेतला आणि 'केवढं हे क्रौर्य' असं लिहून लगेच इंटरनेटवर टाकला. दहा मिनिटांनी म्हैस उठून उभी राहिली. तोवर लोक माझी वाहवा करू लागले होते. मी तो व्हिडिओ हटवला नाही.

दुसऱ्या दिवशी दहाबारा तरुण काकांच्या दारात येऊन "कसाई" म्हणून ओरडले. काका माझ्याकडे वळले. "भाऊ, तुम्ही तर पाहिलंत. सांगा ना यांना."

मी म्हणालो, "काका, जमाना बदलला. ठेवून द्या आता ते."

त्यांनी ठेवून दिलं. महिन्याभरात बाईची दुसरी म्हैस फुगली. "काका, जल्दी चलो!" ती धावत आली. काका पायरीपर्यंत आले आणि थांबले. "नक्को अम्मा. डाक्टर को फोन करो." डॉक्टर येईपर्यंत म्हैस गेली.

मी कबुली द्यायला गेलो.

"माहीत होतं," ते म्हणाले. "व्हिडिओत 'अरे देवा' ऐकू येतं. या गल्लीत मराठीतून देवाला दुसरं कोण बोलावणार?"

"मग त्या दिवशी मलाच सांगायला का म्हणालात?"

"वाटलं, सांगाल."

काका गेल्या हिवाळ्यात वारले. बाईला मी अजून काही सांगितलेलं नाही. ती रोज दूध घालायला येते. "आप अच्छे लोगां हैं सार," म्हणते आणि मापाच्या वर थोडं ओतते. मी पातेलं धरून उभा असतो.