जित्या माणसाची झोळी

बायडाबाईनं बाजारातून लांबलचक बांबू आणला तेव्हाच चाळीत कुजबुज सुरू झाली. आणला कसा, तर भर दुपारी, स्वतःच्या खांद्यावर टाकून, सगळ्यांच्या दारावरून! लपवाछपवी तिच्या रक्तातच नव्हती.

चाळ म्हणजे राखोलीला दमणगंगेच्या काठावर पत्र्याच्या खोल्यांची एक रांग. राहणारे आम्ही सगळे धुळ्या-जळगावकडचे, पोटासाठी सिल्वासाच्या फॅक्टऱ्यांत आलेले. बायडाबाईचा नवरा नवनाथ धाग्याच्या कंपनीत होता. घरात त्याची आई मंजुळाबाई, कमरेखाली लुळी पडलेली.

आदल्या पावसाळ्यात नदी चाळीत शिरली, तेव्हा पुरुषमाणसं सगळी शिफ्टला. बायडाबाईनं सासूला पाठुंगळी घ्यायला पाहिलं, तर दोघी उंबऱ्यातच कोसळल्या. मग पाणी ओसरेपर्यंत सासूचं डोकं मांडीवर वर धरून ती गढूळ पाण्यात बसून राहिली. म्हातारी म्हणाली, "बायडे, तू जा. माझं काय, पिकलं पान."

जा म्हणे! कुठं जा? लुळ्या माणसाला पाण्यात टाकून जायचं आणि वर जन्मभर भाकरी गोड लागायची? बायडाबाईला त्या शब्दांचा इतका राग आला, की वर्ष उलटलं तरी तो निवला नाही. पुन्हा नदी आली तर आत्याबाई माझ्याआधी घराबाहेर असतील, असं तिनं ठरवून टाकलं. सासूला ती आत्याबाई म्हणायची.

पावसाळ्याच्या तोंडावर ती कामाला लागली. रेशनकार्ड, काडेपेटी, फुटाणे, म्हातारीच्या गोळ्या असं सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून खुंटीला लावलं. त्याला कुणी नाव ठेवलं नाही. वांधा झाला तो बांबूचा. डोंगरातले वारली लोक आजारी माणसाला बांबूच्या झोळीत घालून सिल्वासाच्या दवाखान्यात आणतात, हे तिनं रस्त्यावर कितीदा पाहिलं होतं. चादर बांबूला बांधायची, माणूस आत, बांबू खांद्यावर. पुढं दोघं, मागं दोघं. पण पुरुष शिफ्टला, म्हणजे खांदा बायकांनीच द्यायचा. नुसता द्यायचा नाही, तर सवय करायची. टेकाडावरच्या शाळेपर्यंत, चढणीनं.

अगागा, काय गहजब उडाला! जितं माणूस बांबूला बांधायचं, आणि तेही बायकांच्या खांद्यावर? बाईनं खांदा देणं आमच्यात कुणी ऐकलं नव्हतं. नारायणभाऊ म्हणजे चाळीचा पुढारी आणि कंपनीत नवनाथचा मुकादम. तो दारात येऊन उभा राहिला.

"वहिनी, हे अभद्र चाळे बंद करा. जित्या म्हातारीची तिरडी काढता? चाळीला नाट लावाल."

"नाट नदी लावते, नारायणभाऊ. मागच्या साली लावलाच ना? तेव्हा कुठं होतं तुमचं भद्र?"

"चाळीच्या शेठला सांगून खोली खाली करायला लावीन!"

"सांगा की! पण बांबू माझ्यासंगं येईल. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, मी तर अख्खा बांबू आणलाय."

नवनाथ खाली मान घालून म्हणाला, "अगं, लोक हसतात."

"हसू द्या. तुमची आई बुडाली तर रडायला येणारेत का ते?"

शेजारच्या सोनी आणि जया तयार झाल्या. चौथा खांदा मिळेना. तेव्हा पुढं आली कोण, तर नारायणभाऊची बायको नलिनी! नवरा कामावर गेला, की पदर खोचून हजर. म्हणायची, "घरात त्याचं चालू दे, इथं माझं." आधी दगडांचं पोतं झोळीत घालून चौघी चढण चढल्या. खांदे सोलवटले, पाय घसरले, एकमेकींना शिव्या देऊन झाल्या. मग म्हातारीला घेतलं. बिचारी लाजेनं तोंडावर पदर ओढून पडून राहायची. वाटेत लोक थांबून हात जोडायचे. तिला वाटायचं, आपण खरंच गेलो की काय!

श्रावणात एका सकाळी लख्ख ऊन पडलं. आणि त्या उन्हातच पंचायतीची जीप कर्ण्यावरून ओरडत गेली, धरणातून पाणी सोडलंय, काठ सोडा. कुणी हललं नाही. आमच्या खानदेशी डोक्यात एकच हिशेब, आभाळ फाटलं की नदी येते. आभाळ निळंशार, मग कसला पूर? बायका गोधड्या वाळत घालत बसल्या. पण डोंगरात रात्रभर कोसळलेलं धरणात साठलं होतं, ते कुणाला दिसणार?

बायडाबाई काठावर जाऊन आली. पाणी तांबडं झालं होतं आणि झाडांचे ओंडके घेऊन धावत होतं. तिनं एकच हाक मारली, "उचला!"

चौघींनी झोळी उचलली. ते पाहिल्यावर गोधड्या तिथंच टाकून बाकीच्या बायका पोरांना काखोटीला मारून मागं धावल्या. अर्धी चढण झाली तोवर पाणी खोल्यांत घुसलं होतं. पत्रे करकरत होते. बायडाबाईनं मागं वळून पाहिलंसुद्धा नाही. खांद्यातून कळा येत होत्या. तिच्या मनात एवढंच, की पाय घसरायचा नाही.

तेवढ्यात पाणी सोडल्याचं ऐकून वरच्या रस्त्यानं कंपनीतले पुरुष धावत आले. पुढं नवनाथ. त्याला दिसलं काय, तर बांबू, चादर, आणि आत तोंडावर पदर घेऊन निपचित पडलेली आई. पुराच्या धसक्यात झोळीची तालीम कुणाला आठवलीच नाही. "आई गं!" म्हणून त्यानं टाहो फोडला. नारायणभाऊनं टोपी काढली आणि रीतीप्रमाणं तो खांदा द्यायला पुढं सरसावला. बांबूखाली आपलीच बायको पाहून तो जागीच थिजला.

झोळी हलली. चादरीतून मंजुळाबाईचं डोकं बाहेर आलं, पदर नाही, केस पिंजारलेले.

"मेल्या, रडतो काय? जित्ती आहे मी! हो बाजूला, नारायणा, तू पण! खांदा द्यायची एवढी हौस असेल तर मी मेल्यावर या. आत्ता मला माझ्या पोरी नेताहेत."