पंखाच्या टोकाचे पांढरे ठिपके

काकांचं आधी लिहून टाकते, मग बाकीचं. काका माझे नात्याचे कुणी नव्हते. नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमधून ते रिटायर झाले होते. सगळी नोकरी छापलेल्या कागदात खोट शोधण्यात गेलेली, म्हणून डोळे सदा बारीक केलेले आणि कपाळावर एक आठी. नाशिकमध्ये मी टिकले ती त्यांच्यामुळे.

मी देवगडच्या बाजूची. नववीत शाळा सोडली. गुरुजींनी प्रश्न विचारला आणि उत्तर आलं नाही, की उभं राहावं लागे. येणारं उत्तरही उभं राहण्याच्या भीतीने मी गिळायची, त्यामुळे माझे बरेच तास उभ्यानेच गेले. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मावसबहिणीने नाशिकरोडला बोलावून घेतलं आणि एका फोटो स्टुडिओत चिकटवलं. बजावून ठेवलं होतं की हे काम सुटलं तर गावाला परत जायचं, दुसरीकडे कुठे ती शब्द टाकणार नाही. गावात माझ्यासाठी काही उरलं नव्हतं. धाकट्या भावाचं लग्न ठरत होतं आणि घरात खोल्या दोनच.

माझं काम ठिपके बुजवण्याचं. निगेटिव्हवर धूळ बसली की छापलेल्या फोटोत तिथे पांढरा ठिपका येतो. बारीक ब्रश ओठांत ओला करायचा, आजूबाजूचा रंग जुळवायचा आणि तो ठिपका नाहीसा करायचा. मालकांचा नियम एकच होता, पांढरं दिसलं की बुजव. नवरीच्या काळ्या केसांतले, सुटाच्या खांद्यावरचे, सगळे ठिपके मी बुजवायची. दिवसभर कुणाशी बोलायची वेळ यायची नाही. रविवारी एसटीडी बूथवरून गावी शेजाऱ्यांकडे फोन लावला की आई विचारायची, "जेवलंस काय गो?" मी हो म्हणायची. पुढे काय बोलावं ते दोघींनाही सुचायचं नाही.

आणि नाशिकची थंडी. आमच्याकडे स्वेटर घालतात तो फक्त दमेकरी. इथे ओठ फुटले आणि ब्रश ओला करताना झोंबायला लागले.

त्याच थंडीत काका रोल घेऊन यायला लागले. नांदूरमध्यमेश्वरच्या धरणावर हिवाळ्यात पक्षी उतरतात, त्यांचे फोटो. त्यांची लेन्स जुनी आणि पक्षी पाण्याच्या पार पलीकडच्या काठाला. फोटो हातात घेतला की करडं पाणी आणि त्यावर सांडलेले तांदूळ. मालक गमतीने म्हणायचे, "काका, पक्षी कुठला ते खाली लिहून ठेवा, नाहीतर धूळ समजून आमची पोरगी पुसून टाकेल." सगळे हसायचे, काकाही.

एकदा त्यांनी मला विचारलं, समुद्राकडची ना तू, मग हे ओळखत असशील. फोटोत पांढरे पक्षी होते, किनाऱ्यावर असतात तसलेच. आमच्याकडे होड्या परत आल्या की हे वर घिरट्या घालतात. पण त्यांना वेगळं नाव असतं हे मला माहीत नव्हतं. उभं राहायची वेळ आली असं वाटून मी मान हलवून नाही म्हटलं.

"कुरव," काका म्हणाले. "आणि हे सडपातळ, दुभंगल्या शेपटीचे ते सुरय. तुझ्या गावचेच पाहुणे."

त्यांच्या पक्षीमित्रांनी फोटोंचं एक छोटं प्रदर्शन ठरवलं. काकांनी काही फोटो मोठे करून मागितले आणि ते साफ करायला माझ्याकडे आले. या वेळी कुरव काठाजवळून उडताना टिपलेले, पंखांची टोकं काळीभोर आणि त्या काळ्यात पांढरे ठिपके. मी ब्रश ओला केला. इतकं नीट काम मी आधी कधी केलं नव्हतं. एकेका टोकाला जीव लावून काळं भरलं. मालकांनी पाहिलं आणि "बरं झालंय" म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ.

प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी काका आले ते थेट काउंटरपाशी. प्रदर्शनात काय झालं ते त्यांनी मालकांना सांगितलं. खाली नाव लिहिलं होतं तपकिरी डोक्याचा कुरव. हिवाळ्यात त्याचं डोकं तपकिरी नसतंच, तेव्हा लांबून ओळखायची मोठी खूण म्हणजे पंखाच्या काळ्या टोकातले पांढरे ठिपके, पक्षीमित्र त्यांना खिडक्या म्हणतात. फोटोत खिडक्याच नाहीत. मित्र म्हणाले, अंग एका पक्ष्याचं आणि पंख दुसऱ्याचे, असा कुरव अजून जन्माला यायचाय. एकजण तर म्हणाला, "काका, ही नोट खोटी आहे." प्रेसमधल्या माणसाला याहून जास्त लागेल असं काय म्हणणार?

मालकांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. ते ओरडले नाहीत, फक्त म्हणाले, सामान आवर. मी ब्रश पुसून ठेवला आणि डोळ्यांसमोर गावची एसटी उभी राहिली.

काकांनी निगेटिव्ह मागून घेतल्या. खालून दिवा लागणाऱ्या काचेवर पट्टी ठेवली, भिंग लावलं आणि मला जवळ बोलावलं. निगेटिव्हवर सगळं उलटं, पंखाचं टोक फिकं आणि त्यात काळपट टिंब. पुढच्या चौकटीत पक्षी वर सरकलेला, टिंबं पंखाच्या टोकालाच. त्याच्या पुढच्या चौकटीतही तसंच.

"बघ पोरी, धूळ काय पक्ष्याबरोबर उडते?"

मग मालकांकडे वळून म्हणाले, "चूक माझी. माझे ठिपके राखायचे हे मी सांगायला हवं होतं. फोटो पुन्हा छापा. आणि माझं काम यापुढे हिच्याच हातून होईल, नाहीतर मी दुसरीकडे जातो."

मालकांनी निगेटिव्हची पट्टी उचलून मशीनपाशी नेली. नंतर मला म्हणाले, उभी काय राहिलीस, कागद काढ.

त्यानंतर दुपारी काम नसलं की काका काचेपाशी शिकवायचे. रंगावर जायचं नाही, कारण रंग आपल्या मशीनवर अवलंबून. आधी आकार बघायचा. शेजारी ओळखीचा बगळा असला तर त्याच्याशी उंची ताडायची. चोच जाड की बारीक, शेपटी किती दुभंगलेली. मी एकदा कुरकुरले, काळ्या डोक्याचा कुरव म्हणता आणि डोकं तर पांढरं, डोळ्यामागे नुसती काळी टिकली. तर म्हणाले, "थंडीत आपण टोपी घालतो, ते काढून येतात."

खूप लांबचे फोटो असले की मी अंदाज सांगायची आणि त्यांच्या तोंडाकडे बघायची. तेव्हा ते चिडायचे. "माझ्याकडे नको, पक्ष्याकडे बघ. दिसत नसेल तर म्हण, नक्की नाही. तेही उत्तरच आहे."

नक्की नाही. शाळेत हे मला कुणी सांगितलं असतं तर? पहिल्यांदा म्हटलं तेव्हा मला वाटलं, आता उभं करतील. काकांनी मान डोलावली आणि फोटोमागे पेन्सिलीने तेच लिहिलं, 'कुरव, नक्की नाही'.

पुढे डिजिटल आलं. निगेटिव्ह गेल्या, त्यांच्यावरची धूळ गेली, ओठांत ब्रश ओला करायचं राहिलं नाही. मी कॉम्प्युटर शिकले आणि त्याच स्टुडिओत राहिले. मावसबहीण बदलीने पुण्याला गेली, आईही आता नाही. रविवारी फोन करावा असं कुणी उरलं नाही, मग मी बूथवर जायच्या वेळेला स्टुडिओतच बसते. पक्षीमित्रांतली नवी मुलं लांबचे फोटो आणून देतात, ते मोठे करून बघते. कधी सुरय, कधी कुरव, बऱ्याचदा नक्की नाही.

काका सिन्नरला मुलीकडे असतात. डोळे जवळजवळ गेलेत. मागच्या हिवाळ्यात भेटायला गेले तर आवाजावरून ओळखलं आणि विचारलं, आले का गं ते कुरव? मी म्हटलं, फोटोत आलेत. धरणावर मी अजून एकदाही गेले नव्हते, हे त्यांना ठाऊक होतं.

एका थंडीत मी जीप करून काकांना धरणावर नेईन. बांधावर खुर्ची टाकेन, शाल गुंडाळेन आणि शेजारी उभी राहून पलीकडच्या काठावरचा एकेक पक्षी त्यांना सांगेन. जो दिसणार नाही त्याला नक्की नाही म्हणेन. तेवढं माझ्याकडून व्हायचं आहे, आणि ते मी करणार.