तिसऱ्या खिडकीतला ओला रुमाल

गेल्या फेब्रुवारीत, एका गुरुवारी सकाळी नऊ चाळीसच्या पैठण बसमध्ये कादरीसाहेबांनी माझ्यासाठी जागा धरली. त्यांना जाऊन तेव्हा नऊ दिवस झाले होते.

मी आयुष्यभर बातम्या तपासून छापायला दिल्या. भुताखेतांच्या बातम्या केराच्या टोपलीत टाकल्या... म्हणून तपासता आलं तेवढंच लिहितो.

वय बहात्तर. पुंडलिकनगरात एकटा राहतो. काचबिंदू झाल्यावर स्कूटर विकली. बायको सुमन चितेगावच्या वृद्धाश्रमात आहे; तिला आता माझं नाव आठवत नाही, पण गुरुवारी दुपारी माझ्या हातून जेवते. गुडघ्यांमुळे मला बसमध्ये उभं राहता येत नाही. जागा नाही म्हणजे भेट नाही.

कादरीसाहेब निवृत्त शिक्षक. बहिणीला भेटायला त्याच बसने यायचे. बस फलाटाला लागताच खिडकीतून हिरव्या चौकड्यांचा रुमाल सीटवर टाकायचे.

“चाचा, फडकं टाकून सातबारा नावावर करता काय?” कंडक्टर म्हणायचा.

“दोघांच्या नावावर कर रे बाबा. सामायिक.”

त्या गुरुवारी बस खच्चून भरली होती. मी परत फिरलो, तोच कंडक्टरने हाक मारली —

“काका, या की! तुमचा सातबारा हाये.”

डावीकडची तिसरी खिडकी. सीटवर रुमाल.

“कुणी टाकला?”

“चाचांनी, आत्ताच. तब्येत बरी नाय का त्यांची? बोललेच नाय काही.”

त्याला माहीत नव्हतं. मीही सांगितलं नाही. बसलो. रुमाल ओला होता.

सुमनने त्या दिवशी अर्धी भाकरी खाल्ली.

परतताना कादरीसाहेबांच्या घरी गेलो. त्यांच्या मुलीने रुमाल आत नेला. भाभी इद्दतीत, नवरा गेल्यावर पाळायच्या एकांतात, होत्या; पडद्याआडून बोलल्या. रुमालाच्या कोपऱ्यातलं काळ्या दोऱ्याचं रफू त्यांच्याच हातचं होतं.

“सुबूच धोके डाली थी मैं. चिमटा बी लगायी थी.”

अंगणातल्या दोरीवर नुसता चिमटा होता. सकाळपासून घरातून कुणी बाहेर पडलं नव्हतं, असं दोघींनी सांगितलं. याचा उलगडा मला आजही झालेला नाही.

“रख लो भाईसाब,” भाभी म्हणाल्या. “आपके वास्तेच डालते थे.”

पुढच्या गुरुवारी मी तासभर आधी फलाटावर होतो. रुमाल खिशात होता. बस लागली. खिडकीपर्यंत माझा हात पोचला नाही; चढेपर्यंत सगळ्या जागा गेल्या.

या वेळी परत फिरलो नाही. चितेगावपर्यंत मी उभ्याने गेलो.